धाकट्यापासून सुरू

माझ्या भाचीचं लग्न ठरता ठरता मोडलं ते आमच्या शेजारच्या बापूंमुळे, आणि आज तिचा संसार सुखाचा चालला आहे तोही बापूंमुळेच.

बोलणी आमच्या ओटीवर चालली होती. मुलाकडची माणसं सावर्ड्याहून आलेली. तारीख, मानपान, पंक्तीला मसालेभात की साधा भात, सगळं जुळलं होतं. शेजारचं वडीलधारं माणूस म्हणून बापूंना बोलावलेलं. मी साखरेची वाटी आणायला आत वळले आणि मागून बापूंचा खणखणीत आवाज आला, "थांबा! धाकट्यापासून सुरू!"

पाहुण्यांना वाटलं, आमच्याकडे साखर वाटायची अशी रीत असेल. बापूंनी बैठकीवरून नजर फिरवली आणि मुलाच्या चार वर्षांच्या पुतण्यापाशी येऊन ती थांबली. "तू सगळ्यात धाकटा. तुला काय वाटतं रे ह्या लग्नाचं?"

पुतण्या लाडू खात होता. तोंडातला घास नीट गिळून तो म्हणाला, "काका रोज गच्चीवर जाऊन शीतलताईशी फोनवर बोलतो. ती पण येणार लग्नाला?"

माझ्या भाचीचं नाव शीतल नाही.

पाहुणे चहा न घेता गेले. आमच्या घरच्यांनी बापूंशी अबोला धरला. पुढे त्या मुलाचं शीतलशी लग्न झालं, आमच्या पोरीला संगमेश्वरला चांगलं घर मिळालं, आणि आता दर दिवाळीला ती पहिला फोन बापूंना करते. आईवडिलांना दुसरा.

बापू म्हणजे यशवंत भाटकर. उमेदीची सगळी वर्षं जहाजावर गेली. खलाशी म्हणून चढले ते सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, खाडीच्या काठाला आमची वाडी आहे, तिथे ते एकटेच राहतात. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक गडगा आहे, आणि त्या दगडी गडग्यावरून आमचा सगळा व्यवहार चालतो. तिकडून सुके बांगडे येतात, इकडून कोकम सरबताची बाटली जाते. सरबत करून विकणं हा माझा धंदा. शिवाय मी ग्रामपंचायतीची सदस्यही आहे, म्हणजे सभेत चहा कुठे अडकला ते बघायचं काम माझ्याकडे असतं.

तर "धाकट्यापासून सुरू" हा बापूंचा मंत्र. कुठल्याही बैठकीत सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं, मग त्याहून मोठ्याने, असं चढत जायचं. हे कुठून आलं म्हणून विचारावं तर एक गोष्ट ऐकावी लागते. जहाज तुफानात सापडलेलं. कॅप्टनने सगळ्यांना गोळा केलान आणि पहिल्यांदा सगळ्यात पोरसवदा खलाशाला विचारलान, तुला काय वाटतं? "कारण कॅप्टन आधी बोलला की मग उरलेली सगळी 'येस सर'च म्हणतात गो. तुफानात 'येस सर'चा काय उपयोग?" त्या पोराने म्हणे पुढच्या अंगाला पाणी शिरताना एकट्याने पाहिलं होतं, आणि त्यामुळे जहाज वाचलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातला समुद्र सारखा बदलतो. कधी जपानच्या अलीकडे, कधी आफ्रिकेच्या खाली. कॅप्टन कधी ग्रीक असतो तर कधी गोव्याचा. पोरगा तेवढा कायम धाकटा.

हा नियम बापू नुसता सांगत नाहीत, पाळतात. घराला रंग काढायचा होता तेव्हा त्यांनी वाडीतली सगळी पोरं बोलावली आणि कुठला रंग ते विचारलं. त्यामुळे बापूंचं घर पोपटी आहे, खिडक्या जांभळ्या आहेत, आणि मागची भिंत, जिथे एकमत झालं नाही तिथे, निम्मी निम्मी आहे. पलीकडच्या तीरावरून होड्या येतात त्या आता बापूंच्या घरावर नेम धरून येतात. मासळी घ्यायची तर ते मासेवालीशी घासाघीस करत नाहीत, तिच्याबरोबर आलेल्या तिच्या पोरीला विचारतात, "ह्यातला ताजा कुठचा गो?" पोरगी खरं सांगते. मासेवाली आता सुट्टीच्या दिवशी पोरीला बरोबर आणत नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनला मी त्यांना रत्नागिरीला घेऊन गेले होते. डॉक्टर सगळं समजावून सांगत होते. बापूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्यात सगळ्यात धाकटं कोण?" नुकती लागलेली एक नर्स भीत भीत पुढे आली. "तुझं काय मत?" ती म्हणाली, "काका, ऑपरेशन करा, पण सकाळचा पहिला नंबर घ्या. दुपारी डॉक्टरांना भूक लागते." डॉक्टर हसले, बरं का. मी मात्र परतीच्या एसटीत बापूंशी एक शब्द बोलले नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारपणीचा चाळा. मलाही तसंच वाटायचं. पण बालसभेच्या दिवशी बापूंना पेटलेलं पाहिलं आणि हे प्रकरण निराळं आहे एवढं माझ्या ध्यानात आलं.

ग्रामसभेच्या आधी मुलांची बालसभा घ्यावी असं वरून सांगणं असतं. आम्ही घेत होतो की. शाळेतली पोरं रांगेत बसवायची, ग्रामसेवकांनी फोटो काढायचा, हातात बिस्किटाचा पुडा द्यायचा, झाली सभा. त्या दिवशी बापू दारात येऊन उभे राहिले आणि मला विचारलं, "पोरांनी मत काय दिलान?"

"बिस्किटं खाल्ली," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही विचारलंत नाय."

"बापू, त्यांना काय विचारायचं?"

"पाण्याचं, झाडांचं, त्या खाडीत तुम्ही प्लास्टिक सोडता त्याचं! ह्या गावात आपल्यापेक्षा जास्त वर्षं त्यांना काढायची हत. आपण चाललो उद्या. आन् तुम्ही त्यांना बिस्किटावर वाटेला लावता?"

पुढच्या शनिवारपासून शाळा सुटल्यावर बापूंच्या खळ्यात पोरांची सभा भरायला लागली. घरासमोरचं सारवलेलं अंगण म्हणजे खळं, त्यात पोरं गोल करून बसायची. पहिलीतला सोनू सगळ्यात धाकटा, म्हणून तो पहिला बोलायचा. त्याची एकच मागणी असायची, गावावरच्या पठारावर, म्हणजे सड्यावर झोपाळा. विषय कुठलाही असो, कचरा असो, वणवा असो, सोनू उठायचा आणि "सड्यावर झोपाळा पाहिजे" म्हणून खाली बसायचा. मोठी पोरं हसली की बापू डोळे वटारायचे, "त्याचं मत हाय तां. पुढचा बोल."

आणि पोरं बोलायला लागली, खरंच. गडग्याआड कोकमं वाळत घालताना माझे कान तिकडेच असायचे. होडीतून फेकलेल्या पिशव्या कुठल्या वळणाला येऊन अडकतात, कुठल्या वाडीचा कचरा कुठल्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून खाली येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. आम्ही पंचायतीत यावर वर्षानुवर्षं चहा पीत आलो होतो.

तेवढ्यात चिरेखाणीचं प्रकरण आलं.

गावाच्या डोक्यावर सडा आहे. जांभ्या दगडाचं उघडं पठार. म्हातारी माणसं तिकडे फिरकत नाहीत, पण पोरांचा सगळा जीव सड्यावर. क्रिकेट तिथे, करवंदं तिथे, आणि मोबाईलला रेंजही तिथेच. त्याच्या कुशीतून एक झरा निघतो आणि नळीने थेट वाडीत येतो. मे महिन्यातही आमच्या हंड्यात पाणी असतं ते त्या झऱ्याचं. आता तिथे चिऱ्यांची, म्हणजे बांधकामाच्या दगडाची खाण काढायला बाहेरची मंडळी आली होती आणि त्यांना ग्रामसभेचा ना हरकत ठराव हवा होता. बदल्यात देवळाला नवा सभामंडप बांधून देणार होती. जुन्या मंडपाची कौलं गळत होती, त्यामुळे सरपंच विलासभाऊ खूश, आणि गावचे मानकरी गणपतआप्पा तर त्याहून खूश. आप्पांच्या डोळ्यांपुढे नवा मंडप आताच उभा राहिलेला.

पलीकडच्या गावात खाण निघाली आणि दोन पावसाळ्यांत खालच्या विहिरी कोरड्या पडल्या, हे आम्हा सगळ्यांना ऐकून माहीत होतं. पण मंडपाचं चित्र समोर असलं की ऐकलेलं मागे पडतं. मीही गप्प होते, उगाच कशाला खोटं बोलू.

बापूंनी सरपंचांना गाठलं. "सभेत पोरं बोलणार. आधी पोरं, मग तुम्ही."

"बापू, त्यांना मत नाय."

"मत नाय, तोंड हाय ना?"

विलासभाऊ भला माणूस. बोलू द्यायला काय जातं, म्हणून हो म्हणाला. आप्पांनी मात्र साफ सांगितलं, "आमच्या टायमाला मिसरूड फुटल्याबिगर मांडावर तोंड उघडायची प्राज्ञा नव्हती." मांड म्हणजे देवळापुढची गावाची बैठक. आणि गंमत अशी, की पोरांनी बोलायला जिला निवडलं ती नववीतली दुर्वा आप्पांचीच नात.

तालीम धक्क्यावर झाली. बापू एका टोकाला उभे, दुर्वा दुसऱ्या टोकाला, मधे वारा. "माननीय व्यासपीठ..." ती सुरू करायची. "ऐकू येत नाय!" बापू ओरडायचे. पोरगी नरड्याच्या शिरा ताणून "माननीय व्यासपीठ" ओरडायची आणि समोरच्या होडीतला माणूस दचकून वर बघायचा. आठवडाभरात खाडीतल्या सगळ्या खलाशांना ते भाषण पाठ झालं.

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली, कारण पंचायतीची खोली पुरत नाही. वाघजाईच्या गाभाऱ्यासमोर टेबल, टेबलामागे आम्ही सदस्य, एका बाजूला खाणवाल्यांचा माणूस पांढराशुभ्र सदरा घालून बसलेला. पोरं खांबांशी दाटीवाटीने बसली होती. बापू इस्त्रीची पँट घालून आले होते, लग्नाला घालतात ती.

सरपंचांनी विषय मांडला. बापू उठले. "धाकट्यापासून सुरू!"

सोनू उठला, "सड्यावर झोपाळा पाहिजे. खाण काढली तर तो कुठे बांधणार?" आणि खाली बसला. मंडप हसला. मी हसले नाही. इतके दिवस त्या झोपाळ्याला मी वेडेपणा समजत होते, पण पोराने मुद्द्याचं विचारलं होतं.

मग दुर्वा उभी राहिली. समोर आजोबा, मागे सगळा गाव, खाणवाल्याचा तो शुभ्र सदरा. "माननीय व्यासपीठ," ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "माननीय व्यासपीठ." पुढचं सगळं गेलं. मी पोरीच्या चेहऱ्याकडे बघत होते. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मंडपात कुजबुज सुरू झाली. आप्पांनी मान खाली घातली. त्यांना नातीचं हसं झालेलं नको होतं, एवढं तरी मला कळलं. बापूंनी खांब घट्ट धरला होता आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की भाषण जणू तेच विसरलेत.

आणि मग दुर्वाने हात जोडले. गाभाऱ्याकडे तोंड केलं. त्या मंडपात तिने जन्मापासून एकच मोठं बोलणं ऐकलेलं होतं, दर शिमग्याला तिचे आजोबा देवीला घालतात ते गाऱ्हाणं. तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"आई वाघजाये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पहिला आवाज आप्पांचा. माणूस झोपेत असला तरी याला उत्तर देईल, इतकं ते अंगात मुरलेलं. त्यांच्या मागोमाग सगळा मंडप.

"आज तुझी लहानथोर लेकरं तुझ्या मांडावर गोळा झाली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या सड्याच्या झऱ्यानं आमच्या पणज्याला पाणी पाजलंन, तसंच ते आमच्या पोरांनासुद्धा मिळू दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज चढला होता. बायका पदर सावरून हात जोडून बसल्या.

"त्या सड्याच्या पोटात जर कोण कुदळ घालायला आला असेल, तर त्याला बरी बुद्धी दे, आन् आल्या वाटेनं सुखरूप घरी पोचव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सरपंच म्हणाले. मी म्हणाले. खाणवाल्यांचा माणूस देवरुखकडचा, त्याच्याही तोंडून निघून गेलं. मग त्याने दचकून इकडेतिकडे पाहिलं.

"आन् ह्या मांडावर बसलेल्यांच्या मनात काय वाकडं आलं असेल तर ता सरळ कर, आन् पोरांचं आधी ऐकायची त्यांना सवय लाव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कौलं हलली असती तर नवल नव्हतं.

मग काय घडलं ते हळूहळू लोकांच्या ध्यानात यायला लागलं. ग्रामसेवक घाटावरचे, नवीनच बदलून आलेले. ते पेन हातात धरून भांबावल्यासारखे बघत होते. "भाऊ, आता मतदान घ्यायचं म्हणता?" त्यांनी सरपंचांना विचारलं.

विलासभाऊने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी वर गळक्या कौलांकडे पाहिलं, मग गाभाऱ्याकडे. नव्या मंडपावर पाणी सोडणं त्यांना जड जात होतं, ते दिसत होतं. शेवटी म्हणाले, "मतदान कसलं? देवीसमोर सगळ्या गावानं व्हय म्हटलंय. आता नाय म्हणायला कोणाची जीभ रेटेल तो उभा राहू दे."

कोणी उभं राहिलं नाही.

"मग सूचक कोण लिहू?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"सूचक माझी नात," आप्पा म्हणाले. "अनुमोदक सगळा गाव लिवा."

खाणीला ना हरकत मिळाली नाही. देवळाची कौलं चाकरमान्यांनी गणपतीला आल्यावर चढून सारखी केली, आणि आता एकाच कोपऱ्यात गळतं. तिथे आम्ही ग्रामसभेत खाणीच्या बाजूने बोलणाऱ्यांना बसवतो.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या शनिवारचं. बापूंनी खळ्यात आनंदाची सभा लावली होती. घावणे आणि नारळाचा रस माझ्याकडून. पोरं होती, विलासभाऊ होता, आणि चक्क आप्पाही काठी टेकत आले. नियमाप्रमाणे सोनूपासून सुरुवात झाली. चढत चढत दुर्वा झाली, कॉलेजची मुलं झाली, मी झाले, सरपंच झाले. मग आप्पांची पाळी की बापूंची, यावर वाद झाला. आजपर्यंत मानासाठी आप्पा स्वतःला बापूंपेक्षा मोठे म्हणवत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "मी धाकटा. यशवंता माझ्याहून मोठा. मी आधी बोलणार." आणि नातीचं कौतुक इतका वेळ करत बसले की घावणे गार झाले.

ते थांबले तसे बापू उठले. "झालं. चला, पांगा आता, काळोख पडेल."

"बापू, तुमचं राहिलं," दुर्वा म्हणाली.

"माझं काय गो? मी सभा चालवतो."

"तुम्ही सगळ्यात मोठे. तुमची पाळी शेवटी येते आणि तेव्हा तुम्ही आम्हाला पांगवता. इतक्या सभा झाल्या, तुमचं मत आम्ही एकदाही ऐकलं नाही."

खरंच की. आणि मी गडग्यापलीकडे राहते. मलाही ते कधी जाणवलं नव्हतं.

बापू उभेच राहिले. मग खाली बसले. ज्यांचा आवाज खाडीपलीकडे जातो, ते इतके हळू बोलले की पोरं पुढे सरकली.

"मी वर्सातनं एकदा घरी यायचो. तेव्हा माझी पोरं लहान. मी घरात शिरलो की ती गप्प व्हायची. पाव्हणा आला म्हणून. काय विचारलं तरी मान हलवायची. मी बाहेर पडलो की आत नुसता कलकलाट. मग मी काय करायचो, चपला घालायचो, चाललो म्हणून सांगायचो, आन् दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. ती ओळखीची होतायत तोवर माझी निघायची वेळ यायची. आता ती मोठी झाली. चांगली हत. दोघं परदेशात. फोनवर इचारतात, बाबा बरे आहात ना. मी बरा म्हणतो. ती बरी म्हणतात. संपलं बोलणं."

मला इतकं भरून आलं की मी घावण्यांवरचा फडका उगाच सारखा करत बसले. इतकी वर्षं या माणसाला मी चक्रम म्हणत आले, आणि हा बिचारा फक्त ऐकायला मिळावं म्हणून झटत होता.

"तर माझं मत असं," बापू म्हणाले, "की तुम्ही माझ्यासमोर बोलता, ता मला फार बरं वाटतं. खाण आली काय, गेली काय, सभा बंद करू नका. रोज आलात तरी चालेल."

दुर्वाने विचारलं, "पण बापू, रोज विषय काय घ्यायचा?"

"विषय मिळेल गो," बापू म्हणाले. "तुम्ही या तर खरी."

सोनूला लगेच एक विषय सुचला. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याला सुचला, तिसऱ्याने त्याला मधेच तोडलं, दुर्वा त्या दोघांवर ओरडली, आणि बघता बघता सगळी एकदम बोलायला लागली. कोण धाकटं, कोण थोरलं, काही हिशेब राहिला नाही. आप्पा कानावर हात ठेवून म्हणाले, "यशवंता, आवर रे ह्यांना!"

बापूंनी त्यांना हातानेच गप्प राहायला सांगितलं. ते ऐकत होते.